आबांनी राखलेली तांब्याची खाण

लोकांना वाटतं, मला जमिनीच्या आतलं दिसतं. चष्मा काढला तर मला समोरची म्हैस दिसत न्हाई. धंदा मात्र हाच हाय: जमिनीत पाणी कुठं हाय ते दाखवायचं. जालन्यात मस्तगडात माझी खोली, खोलीत माझी मशीन. कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं ते कामून, तर त्या वर्गात पोरं कमी होती आन् बाक मोकळे होते. त्याच्यावरच पुढं पोट भरायला लागलं.

गिऱ्हाईक मला 'मशीनवाला' म्हणतं. घरचे 'टेप' म्हणतात, कारण लहानपणापासून मी कुणाचाही आवाज काढतो. नववीत हेडसरांच्या आवाजात माईकवर म्हणालो, "आज शाळा लवकर सुटेल." सुटली. हेडसर पण घरी गेल्ते.

दिवाळी अंकाच्या ताईंनी सांगितलंय की धंदा सोपा करून सांगा. सोपा करतो. आपला हा सगळा मुलूख म्हंजे भाकरीची चवड हाय. लई पूर्वी जमिनीतून तापलेला रस वाहत आला, पसरला, थिजला. झाली एक भाकर. बरीच वर्षं गेली, तिच्यावर माती झाली. मंग दुसरी भाकर आली, तिनं ती माती भाजून लाल केली. भाकरीचा मधला कडक भाग म्हंजे काळा पाषाण. वरचा फुगलेला, भोकाभोकाचा पापुद्रा म्हंजे मांजऱ्या. आन् दोन भाकरीच्या मधी चटणीसारखी लाल माती, तो गेरू. पाणी पाषाणाच्या भेगांतून खाली उतरतं आन् बरेचदा गेरूवर येऊन अडतं. ताडपत्रीवर पावसाचं पाणी साचतं तसं. आपण फक्त ताडपत्री कुठं हाय ते शोधायचं.

त्यासाठी मशीन. जमिनीत लोखंडी खुट्या ठोकायच्या, वायरी जोडायच्या, करंट सोडायचा. ओल असली तर करंट जल्दी जातो, कोरडा पाषाण असला तर अडतो. बाकी सगळं तोंडानं. बोअरच्या गाडीचा आवाज तर मी असा काढतो की गाडीवाले फसतात. पाषाणात 'ठणणण', गेरूत 'फस्स', आन् पाणी लागलं की 'भॅऽऽक'. हा शेवटचा आवाज गिऱ्हाइकासमोर कधीच काढायचा न्हाई. एकदा काढला तर घरातली बाई गूळ-पाणी घेऊन पळत आल्ती.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. शहागडच्या एका ढाबेवाल्यानं फोनवर सांगितलं, "लोकेशन टाकलंय, तिथूनच पॉइंट सांगा." दुसऱ्या एकानं आधी तळहातावर नारळ धरून पाणी सांगणारा नारळवाला आणल्ता, मंग मला आणलं, आन् शेवटी बोअर मारला तिसऱ्याच जागी. कामून? तर गाडी तिथंच वळत होती. पाणी लागलं! आजवर मला बघितलं की तो मिशीतल्या मिशीत हसतो. माझ्या पॉइंटवर कोरडे गेलेले बोअर पण हायत. त्या गावातून मी जात न्हाई, वळसा घालून जातो.

पण जे सांगायचंय ते खाणीचं.

कुंभार पिंपळगावच्या पुढं एक गाव हाय. नाव सांगत न्हाई. सांगितलं तर सरपंच ह्या अंकाच्या प्रती स्वतःच वाटत फिरंल. तिथून एका बाईचा फोन आल्ता. नाव शोभाताई.

"भाऊ, पाण्याचा पॉइंट दाखवायचा हाय. पण इथं आल्यावर पाणी म्हणू नका."

"मंग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नका. मोजा आन् गप बसा."

"ताई, मोजायचं जमंल. दुसरं अवघड हाय."

शोभाताईंनी मागच्या पावसाळ्यात माळावर मोसंबीची कलमं लावल्ती. नवरा जालन्यात बियाण्याच्या गोडाऊनवर, रविवारी यायचा. बाग एकट्या बाईच्या जिवावर. बोअर मारले ते कोरडे. आता उन्हाळा लागल्ता, पानं सुरळीसारखी वळून राह्यली होती. आखाजीपर्यंत पाणी मिळालं न्हाई तर सगळी बाग सरपण होणार होती. सासरे सरळ म्हणून मोकळे झालते, "खाणीच्या माळावर झाडं लावायला तुला सांगितलं कुणी?"

सासरे म्हंजे आबा. गावात त्यांच्या घराला 'खाणवाले' म्हणतात. निजामाच्या राज्यात आबांचे आजोबा माळावर विहीर खोदत होते, तर हिरवागार दगड निघाला. हिरवा म्हंजे तांबं, असं कुणीतरी म्हणालं. ते हैदराबादपर्यंत पोचलं. तिकडून शेरवानीतला एक साहेब आला, मजूर आले, राहाट आला, लोखंडी गाडा आला. विहिरीची खाण झाली. खोदून खोदून एक दिवस साहेब जायला निघाला. जाताना आजोबांना म्हणाला, "जैसी है वैसीच रखना, पाटील. अमानत समझो. मैं आतूं."

तो गेला तो गेला. निजाम पण गेला. ह्या लोकांनी मात्र खाण राखली. आधी आजोबांनी, मंग वडिलांनी, मंग आबांनी. भोवती काटेरी कुंपण, फाटकाला कुलूप, किल्ली आबांच्या करगोट्याला. खंडेनवमीला लोक आपापल्या अवजारांची पूजा करतात, हे साहेबाच्या राहाटाची करायचे. वर निवद. खाणीत हिरवं पाणी साचलेलं, पण त्याला हात लावायचा न्हाई. तांब्याचं पाणी, पिलं तर माणूस मरंल, घातलं तर झाड जळंल.

हे सगळं मला नंतर कळलं. मी गेलो आन् सरळ माळावर खुट्या ठोकायला लागलो. वायरीचं एक टोक शोभाताईंनी धरलेलं. तेवढ्यात आबा आले. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, हातात काठी. खुट्या बघितल्या, वायरी बघितल्या, मशीनचा लाल दिवा बघितला. काठी हातातून गळायची बाकी होती.

"कुठून आले?"

"जालन्याहून, आबा."

"हैदराबादहून न्हाई?"

"न्हाई ओ."

"कंपनीचे न्हाई?"

"न्हाई आबा, कंपनी-बिंपनी काही न्हाई. मी आपला..."

शोभाताईंनी वायरीला असा हिसका दिला की खुटी उपटली. मला आठवलं, पाणी म्हणायचं न्हाई. मी तोंड मिटलं. आबांनी मान डोलावली.

"कळलं. कंपनीचा माणूस आधी कबूल करत न्हाई. भाव वाढतात ना जमिनीचे."

न्हाई म्हणलं की लोकांना जास्त पटतं. तासाभरात माळावर जत्रा. सरपंच शाल-नारळ घेऊन हजर. मी म्हणालो, "सरपंच, मी कंपनीचा न्हाई." त्यांनी शाल घातली. मी म्हणालो, "खरंच न्हाई." त्यांनी नारळ दिला. मंग कानाशी येऊन म्हणाले, "आमचं पोरगं आयटीआय झालंय, फिटर. तांब्याला फिटर लागतो का?"

"मला न्हाई माहीत ओ."

"बराबर हाय. आत्ताच कशाला सांगता."

मी शोभाताईंना बाजूला घेतलं. "ताई, हे लफडं वाढून राह्यलं. मी जातो."

"जाऊ नका, भाऊ. लग्न होऊन आले तेव्हापासून मला त्या फाटकाच्या आत कुणी पाय टाकू दिला न्हाई. आज ते किल्ली काढून राह्यलेत. एकदा बघून घ्या. मंग खरं काय ते तुम्हीच सांगा त्यांना."

"मीच?"

"मी सांगितलं तर सून बोलली होईल."

आबांनी कुलूप उघडलं. कुलपाला इतकं तेल पाजलेलं की माझ्या मोटारसायकलला एवढं तेल कधी मिळालं न्हाई. आत राहाट उभा, गाडा उभा, दोन्हीला हळदीकुंकवाचे थरावर थर. म्हंजे तिथं पण भाकरीची चवडच. दगडी पायऱ्या खाली गेलेल्या. आधी कंदील सोडून बघितला, विझला न्हाई, मंग मी उतरलो. वरून आबा ओरडले, "पाण्याला शिवू नको! जीव जाईल!"

आन् खाली मी बघतच राह्यलो. मी रोज जे वायरीनं चाचपडतो ते समोर भिंतीवर उघडं. वर भेगा पडलेला काळा पाषाण. त्याच्याखाली लाल गेरूचा पट्टा, कुंकवाची रेघ ओढल्यासारखा. आन् त्या रेघेवरून पाणी पाझरून राह्यलेलं. टिप टिप टिप. भर उन्हाळ्यात! गेरूच्या खाली मांजऱ्या, त्याच्या भोकाभोकात तो हिरवा रंग, मधी मधी पांढरे चमकणारे खडे. मी हिरव्यावर नख मारलं. नखात आलं, खडूसारखं. तांब्याचा दगड असा न्हाई येत. ही हिरवी माती. आपल्या पाषाणात ठिकठिकाणी सापडते, तांब्याचा तिच्याशी संबंध न्हाई. जुने लोक रंगाला वापरत असतील. साहेबाला पण खोदून खोदून हेच कळलं असणार, म्हणून तर गेला. आन् पाणी हिरवं होतं ते निव्वळ शेवाळानं.

शोभाताईंच्या कोरड्या बोअरचं पण कोडं सुटलं. गाडीवाल्यानं गेरू ढासळू नये म्हणून पाइप खालपर्यंत सारलेले. सगळं पाणी गेरूच्या वर, आन् तेच पाइपानं बंद. खाली कोरडा पाषाण फोडत बसले.

वर आलो. सगळ्यांच्या माना माझ्याकडं. आबांनी विचारलं, "किती टक्के?"

मी सगळ्यांचे आवाज काढतो, पण त्या वेळी मला माझा सापडेना. शेवटी म्हणालो, "आबा, तुमच्या वाड्यावर चला. मोरचूद हाय का घरी?"

मोसंबीवाल्यांच्या घरी मोरचूद असतोच, खोडाला चुन्यात कालवून लावायला. आन् तो लोखंडी घमेल्यात कालवायचा न्हाई, घमेलं खातो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. का खातो ते मी दाखवलं. ओट्यावर दोन काचेचे ग्लास मांडले. एकात मोरचुदाचं निळं पाणी, एकात खाणीचं हिरवं, वर येताना गुपचूप बाटलीत भरून आणलेलं. दोन्हीत एकेक कोरा खिळा.

"आबा, मोरचुदात तांबं असतं. पाण्यात तांबं भरलेलं असलं की ते लोखंडावर येऊन बसतं. बघा."

सगळं गाव ओट्यावर वाकलं. मोरचुदातला खिळा लालसर झाला, तांब्याच्या पैशासारखा. बाया "अग बाई" म्हणाल्या. खाणीच्या पाण्यातला खिळा खिळाच राह्यला. लोक थांबले. कुणी ग्लास हलवून बघितला. सरपंच म्हणाले, "ह्याला वेळ लागत असंल. जुनी खाण हाय." चहा झाला. खिळा खिळाच.

मंग मी नखातली हिरवी माती दाखवली, गेरू सांगितला, ताडपत्री सांगितली, सगळं सांगितलं. "आबा, तांबं न्हाई. पण पाणी हाय, आन् रोज झिरपून राह्यलंय. ठिबकला पुरंल. खिळा म्हंजे काही शेवटचा शब्द न्हाई, लॅबला बाटली पाठवतो मी. पण मला भ्या वाटत न्हाई ह्या पाण्याचं."

गर्दी पांगली. सरपंचांनी माझ्या खांद्यावरची शाल हळूच काढली, घडी केली आन् काखेत मारली. नारळ पण नेला.

शोभाताईंनी ग्लास उचलला आन् दारातल्या कलमाकडं निघाल्या. मी ओरडलो, "ताई, तो न्हाई! तो मोरचुदाचा!" त्यांनी ग्लास बदलला आन् खाणीचं पाणी मुळाशी ओतलं. सासऱ्यांच्या समोर. मंग म्हणाल्या, "आबा, मोटर टाकू?"

आबा म्हणाले, "न्हाई."

"तांबं न्हाई तरी?"

"तांबं असंल नसंल, ती त्याची चीज. त्यानं ठेवायला दिली, आपण ठेवली. ठेवलेली वस्तू आपण कशी वापरायची, सूनबाई? उद्या शेजारणीनं तुझ्यापाशी डबा ठेवला, तर तो रिकामा हाय म्हणून तू त्यात पापड भरशील का?"

"साहेब आता कुठला, आबा? वर गेला असंल कधीच."

"त्याचं त्याच्यापाशी. ज्यानं दिली त्यानं परत घ्यावी, मंग काय करायचं ते करा."

शोभाताई आत निघून गेल्या. भांड्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा. मी वायरी गुंडाळायला लागलो. एवढं पाणी, एवढी तहानलेली बाग, आन् मधी कोण? तर एक मेलेला माणूस!

आबा आपल्याशीच पुटपुटले, "जैसी है वैसीच रखना, पाटील. अमानत समझो. मैं आतूं."

माझा हात थांबला. हा आबांचा आवाज नव्हता. जाड, नाकातला, शेवटी थोडा ओढलेला. हा साहेबाचा आवाज होता. आजोबांनी ऐकला, वडिलांना काढून दाखवला, वडिलांनी आबांना. एवढी वर्षं तो आवाज ह्या घरात जिवंत होता! मला वाटायचं पंचक्रोशीत मीच एक टेप हाय. इथं तर घराणं निघालं.

खोड जात न्हाई. माझ्या तोंडून आपसूक निघालं, तसंच्या तसं: "मैं आतूं."

आबांनी झटक्यात मान वर केली. मला वाटलं, आता काठी पडती.

"पुन्यांदा म्हण."

"चुकून निघालं, आबा."

"म्हण म्हणतो ना. आन् पाटील म्हणताना नाकात जास्त. साहेबाला सर्दी असायची."

मी म्हणालो. त्यांनी दुरुस्त केलं. पुन्हा म्हणालो. असा कडक मास्तर मला शाळेत मिळाला असता तर मी आज नाटकात असतो. शेवटी आबांनी डोळे मिटून ऐकलं आन् म्हणाले, "बराबर. आता लॅबचं काय ते येऊ दे. मंग सकाळचा ये. पायात बूट घाल. साहेब चपलेवर यायचा न्हाई."

रिपोर्ट चांगला आला. मी भावाच्या लग्नातला कोट घालून गेलो, भर उन्हाळ्यात. शोभाताईंनी मोटर आन् पाइप आणून ठेवल्ते. मला बघून तोंडाला पदर लावला. आबांनी मात्र रुमाल नवा बांधल्ता. फाटकात ताठ उभे. मला ओळखत असल्याची एक खूण चेहऱ्यावर न्हाई.

मी घसा खाकरला. "सलाम, पाटील."

"सलाम, साहेब." मंग काठीनं दाखवत दाखवत हिशोब दिला. "हा तुमचा राहाट. हा गाडा. पायऱ्या जशाच्या तशा. कुणी दगड नेला न्हाई, कुणी पाणी शेंदलं न्हाई. बघून घ्या."

"बिलकुल बराबर है, पाटील. शाबास."

"शाबास?" आबा म्हणाले. आवाज चढला. "शाबास काय म्हणतो? आजोबा गेले तुझी वाट बघत. बाप गेला. दसरा आला की आई पहिला निवद तुला काढायची, आम्हाला नंतर! चांगला माळ, त्यावर कधी कुळव फिरला न्हाई. एक माणूस धाडता आला न्हाई तुला? एक निरोप? 'काही न्हाई निघालं, पाटील, तुमचं तुम्ही बघा', एवढं म्हणायला जीभ झडली होती?"

हे आधी ठरलं नव्हतं. मी कोटात घामानं भिजून उभा. एका माणसाच्या वतीनं इतक्या वर्षांच्या शिव्या खाऊन राह्यलो होतो. मला टाळ्या मिळाल्यात, शिट्ट्या मिळाल्यात, एकदा चप्पल पण मिळाली. पण हे असं कधी मिळालं न्हाई. आवाज नाकातून काढायची गरजच पडली न्हाई, आपोआप जड झाला.

"माफ करना, पाटील. बहुत देर हो गई. अमानत मिल गई मेरेकू. अब जमीन तुम्हारी, पानी तुम्हारा."

आबांनी करगोट्याची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. मी ती शोभाताईंपुढं धरली. "लो, बहू."

आबा पटकन आपल्या आवाजात म्हणाले, "अरे, साहेब बायकांशी बोलायचा न्हाई!"

"जमाना बदल गया, पाटील," साहेब म्हणाला.

आबांनी जरा विचार केला. "बरं. दे."

शोभाताईंनी मोटर खाणीत सोडली आन् बटण दाबलं. मोटर घरघरली, पाइप फुगला, आन् तोंडातून हिरवा चिखल, शेवाळ आन् एक बेडूक असं सगळं माझ्या कोटावर आलं. मंग नुसती हवा. मंग पाणी. गढूळ, मंग कमी गढूळ, मंग स्वच्छ. पाटातून सरकत ते पहिल्या आळ्यात शिरलं आन् कोरडी जमीन 'चर्र' वाजली. शोभाताई चपला काढून पाण्यासोबत आळ्याआळ्यातून पळायला लागल्या, फावड्यानं बांध फोडत, लहान पोरीसारख्या.

आबा पाइपाशी बसले. कुणी अडवायच्या आत त्यांनी ओंजळ धरली आन् प्याले. तोंड पुसलं.

"गोड हाय," म्हणाले. मंग हळू आवाजात, "दुष्काळात बैल विकले मी. चारा होता, पाणी नव्हतं. ह्याच कुंपणाच्या कडेनं नेले बाजाराला. ते फाटकापाशी थांबल्ते, वास आल्ता त्यांना. मी चाबूक मारला."

मी बूट काढून हातात घेतले.

आबांनी वर बघितलं. "साहेब गेला का?"

"गेला, आबा."

"बरं झालं. न्हाईतर आज इथंच बुडवला असता त्याला."